झटक्याची तार आणि रुईवरचं फुलपाखरू

रानडुक्कर बुजगावण्याला किती रात्री भितं, सांगा बरं पोट्टेहो?

धाकटी म्हणते, रोजच भितं. थोरला बापासोबत जागलीला जातो, म्हणून तो नुसता हसतोय. त्यानं पाहिलेलं आहे. उभ्या काठीला आडवी काठी बांधायची, तिच्यावर फाटका सदरा चढवायचा, वर चुन्याचे डोळे काढलेलं मडकं पालथं घालायचं. पहिल्या रात्री डुकरांचा कळप धुऱ्यावरच थबकतो. नाक उचलून वारा घेतो, फुरफुरतो आणि मागच्या मागे पळतो. दुसऱ्या रात्री तीच डुकरं एक बांधी पुढे येतात. आठवडा उलटत नाही तोच बुजगावण्याच्या पायाशी धान लोळवलेलं सापडतं आणि मडक्याचे डोळे ते सगळं बघत उभे असतात.

"डुकराला शिकवलं कोणी, आबाजी?"

बुजगावण्यानंच, काही न करून. एखादी गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते, तिच्यापासून ना लाभ ना इजा, तर तिच्याकडे लक्ष देणं सोडून द्यायचं. शिकण्याचा हा सगळ्यात स्वस्त प्रकार, आणि त्याला फार मोठं डोकंही लागत नाही. अमेरिकेत एरिक कँडेल नावाच्या शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या एका गोगलगायीवर हेच तपासलं. तिच्या अंगात मज्जापेशी इनमिन वीसेक हजार. तिला हलकेच स्पर्श केला की ती कल्ले आत ओढून घ्यायची. पुन्हापुन्हा स्पर्श केला की कंटाळल्यागत ओढायचंच सोडून द्यायची. आठवण पेशींमध्ये कशी साठते, हे त्या गोगलगायीकडून शिकत शिकत कँडेल 2000 साली नोबेलपर्यंत पोचले.

ताडोब्यातल्या वाघाचंही असंच. मोहर्लीच्या गेटातून सकाळी जिप्सी आत सुटतात. वाघीण रस्त्याच्या मधोमध चालत असते, मागे आठ-दहा गाड्या रांगेत, पर्यटकांचे श्वास अडकलेले, आणि ती मान वळवूनही बघत नाही. लोकांना वाटतं काय तिचा रुबाब! रुबाब आहेच. पण ती बछडा होती तेव्हापासून तिच्या आईच्या वाटेत ह्या गाड्या होत्या आणि एकीनंही कधी तिच्यावर झडप घातली नाही. तिच्या लेखी जिप्सी म्हणजे चालता धोंडा. मात्र त्याच गाडीतून एखादा शहाणा खाली उतरला, दोन पायांवर उभा राहिला, की हिशेब बदलतो. सवय झालेली असते ती गाडीची, पायी माणसाची नव्हे. गाईड लोक उतरू देत नाहीत, ते उगाच नाही.

आता धाकटीनं बरोबर नस धरली आहे. ती विचारते, वाघिणीच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला कसं कळलं?

कळलं नाही. आणि ते कळत नाही, हे कबूल करूनच एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. 1913 साली जॉन वॉटसन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं जाहीर करून टाकलं की, मनात काय चाललंय ह्याच्या गप्पा पुरे झाल्या. मन कुणी पाहिलंय? दिसतं ते वागणं. समोर काय आलं, प्राण्यानं काय केलं, मग काय झालं, एवढंच बघा आणि मोजा. माणसालाही तीच फूटपट्टी लावा. ह्याला म्हणतात वर्तनवाद. त्या काळच्या मानसशास्त्राला हा मोठा दणका होता. आपल्या जंगलातल्या वनरक्षकाला मात्र त्यात नवल वाटलं नसतं. वाघ मुलाखत देत नाही. वनरक्षक पाणवठ्याकाठचा पंजा बघतो, ओरखडलेलं झाड बघतो, वानर खोकलं की चितळांनी कुठे तोंड वळवलं ते बघतो, आणि त्यावरून वाघ कुठल्या नाल्यात आहे ते सांगतो.

वॉटसनच्या आधी रशियात पावलोव होते. ते खरं तर पोटाचे संशोधक. अन्न पचतं कसं ह्या कामासाठी 1904 साली त्यांना नोबेल मिळालं होतं. कुत्र्याची लाळ नळीतून गोळा करायची आणि मोजायची, असं त्यांच्याकडे चाले. पण कुत्री घोटाळा करू लागली. खाणं तोंडात पडायच्या आधीच, खाणं आणणाऱ्या नोकराच्या पावलांचा आवाज आला की लाळ सुरू. दुसरा कुणी असता तर वैतागून कुत्री बदलली असती. पावलोवांनी विषयच बदलला. खाण्याआधी मेट्रोनोमची टकटक ऐकवायची, असं पुन्हापुन्हा केलं, आणि काही दिवसांनी नुसत्या टकटकीवर लाळ गळू लागली. आपल्या घरी आजीनं सूप हातात घेऊन फटफट केलं की वाडीभरच्या कोंबड्या पंख पसरून धावत येतात, दाणे पडायच्या आधीच. तिनं पावलोव वाचलेला नाही, कोंबड्यांनीही नाही.

पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. 1924 साली लेनिनग्राडला पूर आला आणि प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी शिरलं. नाकाशी पाणी आलेलं असताना कुत्री कशीबशी बाहेर काढली. जीव वाचला, पण त्यातली काही कुत्री महिनोन्महिने शिकवलेलं सगळं विसरून गेली. टकटक ऐकून लाळ येईना. त्या भीतीपुढे मोजून-मापून शिकवलेलं टिकलं नाही. मला पावलोवांच्या सगळ्या प्रयोगांत हा न ठरवलेला प्रयोग जास्त मोलाचा वाटतो.

पावलोवांचं कुत्रं मात्र बसल्या जागी लाळ गाळतं, काही करत नाही. स्वतः काही करून बघणारा प्राणी कसा शिकतो, हे बघितलं बी. एफ. स्किनरनं. त्यानं एक पेटी केली. आत भुकेला उंदीर, भिंतीला एक दांडी. उंदीर इकडे हुंगतो, तिकडे चढतो, चुकून पाय दांडीवर पडतो, खट्ट, एक गोळी घरंगळत येते. पुन्हा पाय पडतो, पुन्हा गोळी. मग उंदीर दुसरीकडे कशाला जाईल? ज्या करणीनं फायदा झाला ती करणी वाढते. पुस्तकात ह्याला प्रबलन म्हणतात.

त्या खाण्याच्या गोळ्या स्किनरला हातानं वळाव्या लागत. एका शनिवारी दुपारी त्यानं डबा पाहिला. आहेत त्या गोळ्या सोमवारी सकाळीच संपणार होत्या. सुट्टीच्या दिवशी गोळ्या वळत बसायचा त्याला आला कंटाळा. मग त्यानं ठरवलं, दर वेळी नको, मिनिटाला एकच गोळी देऊ. बाकीच्या वेळी उंदीर दांडी दाबो की नाचो. वाटलं होतं उंदीर नाद सोडेल. कुठला सोडतो! दाबतच राहिला. आणि अशा कधीमधी गोळी मिळालेल्या उंदरांची गोळी पुढे पार बंद केली, तरी दर वेळी मिळालेल्यांपेक्षा ते कितीतरी जास्त वेळ दांडी बडवत राहिले.

हे पेटीत बघायची गरज नाही. आपल्या मामा तलावावर जा. सरकारी कागदावर माजी मालगुजारी तलाव, आपल्यासाठी मामा. पाळीवर गरी टाकून माणसं बसलेली असतात. टाकली की लागली मरळ, टाकली की लागली, असं असतं तर दहा मिनिटांत घरी गेली असती. पण मासा लागतो कधी पहिल्या फेकीला, कधी बाराव्या, कधी सूर्य मावळेस्तोवर नाहीच. म्हणून उठवत नाही. "आता एकदाच." थोरल्या, तू हसू नकोस. तुझा काका मोबाइलवर रमी खेळतो ना, ती बनवणाऱ्यांनी हा उंदीर नीट अभ्यासलेला आहे. तलावावरचा माणूस निदान संध्याकाळी एखादी मरळ घेऊन येतो.

"बक्षिसानं शिकतात तर माराने नाही शिकत का?"

आता आपण आलो झटका मशीनवर. पलीकडच्या शेतात ती तार बघितली आहे ना? सौर पाटी, खाली बॅटरी, तिच्याजवळ टिकटिक करणारी पेटी. तारेत दर सेकंदाला एक झटका सुटतो. दाब खूप, पण क्षणाच्या छोट्याशा तुकड्यापुरता. त्यामुळे जीव जात नाही. डुक्कर अंधारात येतं आणि ओलं नाक नेमकं तारेला लावतं, कारण नवी वस्तू ते नाकानंच बघतं. एक किंकाळी, आणि कळप गायब. त्यानंतर ती तार त्याच्यासाठी नुसती तार राहत नाही. दोन रात्री बॅटरी उतरलेली असली तरी ते लांबूनच वळतं. बुजगावणं हरलं तिथे तार जिंकते, कारण ती आपलं म्हणणं खरं करून दाखवते. पण बॅटरी महिनाभर मेलेली राहू द्या. एखादं धीट डुक्कर पुन्हा नाक लावून बघेल, काही झालं नाही की तारेचंही बुजगावणं होईल.

आणि काही जण काय करतात? पेटी-बिटीच्या भानगडीत न पडता सरळ खांबावरची लाइन तारेत सोडतात. हा गुन्हा आहे, आणि त्यात डुक्कर मरतं, चितळ मरतं, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ मेलेत, पहाटे तार विसरून पाय टाकणारा माणूसही मेलाय. कायदा बाजूला ठेवा, नुसत्या शिकण्याच्या हिशेबानं बघा. मेलेलं डुक्कर काय शिकणार? उद्या त्याच्या जागी दुसरं येईल, तेही तितकंच अडाणी.

माराचं आणखी एक. स्किनरनं 1938 च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. दांडी दाबायला शिकलेल्या उंदरांची गोळी बंद केली. त्यातल्या काहींना दांडी दाबली की पंजावर फटका बसेल असं केलं. फटका खाणारे लगेच थांबले. पण फटका बंद झाल्यावर त्यांनी हळूहळू सगळी कसर भरून काढली आणि अखेर दोन्हीकडचं दाबणं जवळपास सारखंच भरलं. माराने सवय मोडली नव्हती, दबून बसली होती. आमच्या वेळी मास्तर छडी घेऊन वर्गात असेपर्यंत पाढे गप्प पाठ व्हायचे, आणि मास्तर गेले की वर्गाचा बाजार. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं छडी बंद केली तेव्हा गावातले कित्येक जण म्हणाले, आता पोरं बिघडणार. मला तसं वाटलं नाही.

पण वाघाला शिकवायचं झालं तर? बंगालात सुंदरबन आहे, खाऱ्या पाण्यातलं जंगल. तिथले वाघ मासेमार आणि मध काढणाऱ्यांवर फार हल्ले करत. 1980 च्या दशकात तिथल्या वनखात्यानं मातीचे माणसाएवढे पुतळे केले. मासेमाराचा, लाकूडतोड्याचा, मध काढणाऱ्याचा. माणसाचा वास यावा म्हणून त्यांना अंगावरचे वापरलेले कपडे घातले, आणि बॅटरीच्या तारा जोडल्या. वाघानं झेप घातली की झटका. माणूस म्हटलं की झोंबतं, हे त्यानं शिकावं म्हणून. पुढे हल्ले कमी झाले, पण त्याच वेळी आणखीही उपाय चालू होते, तेव्हा सगळं श्रेय पुतळ्यांना देऊन मोकळं होऊ नये. वाघ मागून झडप घालतो म्हणून लोकांनी डोक्यामागे माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटेही बांधून बघितले. आपली आजी मोहफुलं वेचायला पहाटे वाकून बसते तेव्हा तिची पाठच जंगलाकडे असते. म्हणून तर घोळक्यानं जायचं, बोलत राहायचं आणि उजाडल्याशिवाय निघायचं नाही, असं गावोगाव सांगत असतात.

आता तुम्हाला वाटेल, वर्तनवादाला सगळं उमगलं. बक्षीस, झटका, सवय, झालं! त्या लोकांनाही तसंच वाटलं होतं. कुठलीही खूण कुठल्याही परिणामाशी जोडा, फक्त दोन्ही लागोपाठ यायला हवेत, प्राणी शिकतोच, असं ते म्हणायचे. त्यांचा हा ताठा उतरवला पोटदुखीनं.

आपल्या पडीत रुईचं झाड आहे. पान तोडलं की पांढरा चीक येतो, डोळ्यात जाऊ देऊ नका म्हणून मी ओरडतो, तेच. त्या पानावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी असते. रुईत हृदयावर काम करणारं विष असतं. अळी ते विष पचवते आणि अंगात जपून ठेवते, आणि तिचं फुलपाखरू झालं तरी ते त्याच्या अंगात राहतं. फुलपाखरू नारिंगी, पंखांची टोकं काळी, त्यात पांढरे ठिपके. उडतं कसं? सावकाश, निवांत, कुणाच्या बापाला न भिता. असल्याच एका अमेरिकन फुलपाखरावर लिंकन ब्राउअर ह्यांनी प्रयोग केले. अनुभव नसलेल्या पक्ष्याला ते खायला दिलं. पक्ष्यानं गिळलं, आणि थोड्या वेळानं पिसं फुलवून, मान खाली घालून भडाभडा ओकला. त्यानंतर तसलं फुलपाखरू दिसलं तरी तोंड फिरवायचा. एकदाच बास. दांडी शेकडो वेळा दाबायची भानगड नाही.

ह्याच्यातून आणखी कोणी पोट भरतं बघा. हुबेहूब त्याच नारिंगी रंगाची एक दुसऱ्याच जातीची मादी आपल्याकडे उडते. तिची अळी घोळीची पानं खाते, तुमची आजी जिची भाजी करते ती घोळ. अंगात विषाचा थेंब नाही. तिचा नर तर अगदी वेगळा, काळा, पांढऱ्या गोल डागांचा. ही एकटीच रुईवालीचे कपडे घालून हिंडते, आणि ओकलेला पक्षी तिलाही सोडून देतो. शिकला तो पक्षी, मजा हिची.

आता घोटाळा कुठे झाला ते ऐका. अमेरिकेत जॉन गार्सिया ह्यांनी 1966 साली उंदरांना गोड पाणी प्यायला दिलं. पिताना दिवा लागायचा आणि खटखट आवाजही व्हायचा. मग काही उंदरांना क्ष-किरणांनी मळमळ आणली, काहींना पायाला झटका दिला. मळमळलेल्यांनी गोड पाणी सोडलं, दिव्याशी त्यांचं भांडण नव्हतं. झटका बसलेले दिव्याला आणि आवाजाला बिचकले, गोड पाणी मात्र खुशाल प्याले. म्हणजे पोट बिघडलं तर उंदीर चवीला दोष देतो, कातडीला चटका बसला तर दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्याला. वाटेल ती खूण वाटेल त्याला चिकटत नाही. शिवाय खाणं आणि मळमळ ह्यांत काही तास गेले तरी उंदीर बरोबर चवीवरच येतो, हे गार्सियांच्या कामातून दिसलं. हे वर्तनवादाच्या नियमात बसत नव्हतं, म्हणून मोठ्या नियतकालिकांनी त्यांचे लेख परत पाठवले. शास्त्रज्ञांनाही सवय मोडायला वेळ लागतो, बाप्पा.

म्हणजे प्राणी कोरी पाटी घेऊन येत नाही. काय पटकन शिकायचं आणि काय नाही, हे तो बरोबर घेऊन जन्मतो. माणूस तर आणखीच अवघड.

हेमलकसा कुठे आहे ठाऊक आहे ना? गडचिरोलीत, भामरागडकडे. 1973 साली बाबा आमट्यांनी तिथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉक्टर प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. सुरुवातीला माडिया लोक औषधाला येईचनात. मग हळूहळू काही रोगी आले, बरे होऊन पायांनी चालत गावी गेले, आणि रीघ लागली. आता स्किनरच्या गणितात हे कसं बसवाल? औषधाचा फायदा झाला एकाला आणि वागणं बदललं शंभरांचं. त्या शंभरांना कुणी गोळी दिली होती? त्यांनी दुसऱ्याला बरं होताना पाहिलं, त्याच्या तोंडून ऐकलं. माणूस दुसऱ्याचं बघून शिकतो, हे अल्बर्ट बँडुरानं 1961 साली लहान मुलांवर प्रयोग करून दाखवलं. मोठ्यांनी रबरी बाहुलीला बदडलेलं पाहिलं की मुलंही बदडायची, आणि त्यांना त्यासाठी कुणी काही दिलेलं नव्हतं.

तिथलीच आणखी एक. शिकार करून माणसं चालली होती, मेलेल्या माकडिणीच्या छातीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं. प्रकाशभाऊंनी ते मागून घेतलं आणि वाढवलं. शिकार तिथे हौसेची नव्हती, पोटाची होती, हे त्यांना माहीत होतं. पुढे लोक अनाथ पिल्लं त्यांच्याकडे आणून देऊ लागले आणि बदल्यात त्यांना खायला मिळे. अस्वलं आली, बिबटे आले, हरणं आली, आणि मोठा प्राणी-परिवार झाला. नुसता वर्तनवादी असता तर त्यानं वहीत लिहिलं असतं: पिल्लू आणलं, धान्य मिळालं, आणणं वाढलं. ते खोटंही नाही. पण त्या माणसांनी डॉक्टरच्या खांद्यावर बिबट्याचं पिल्लू झोपलेलं पाहिलं होतं, आपल्या पोराला त्याच हातांनी सुई टोचलेली पाहिली होती. ते वहीच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

काय गं? हात काऊन वर केला?

"पाढ्याला पाच रुपये द्या. मग मी पण उंदरासारखी भराभर शिकते."

वाटच बघत होतो. 1973 सालची गोष्ट आहे, अमेरिकेतल्या एका बालवाडीतली. तिथल्या मुलांना रंगीत पेननं चित्रं काढायला फार आवडायचं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर सोनेरी शिक्क्याचं, रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी पेनं पुन्हा मांडून ठेवली आणि कोण खेळतंय ते लपून मोजलं. प्रमाणपत्राचं आधी कबूल केलेल्या मुलांनी पेनांना सगळ्यात कमी हात लावला. आवडीच्या कामाची मजुरी झाली होती.

"पण मला पाढे आवडतच नाहीत, आबाजी. मग मजा कशी कमी होईल?"

ऐका! गार्सियाचे लेख परत पाठवणाऱ्यांनाही इतकं नेमकं सुचलं नसेल. बरं, तेराच्या पाढ्याला दोन रुपये. फक्त तेराच्या. चौदाचा फुकट म्हणायचा, आणि थोरल्यानं मध्ये सांगितलं तर पैसे त्याला.